पलीकडचा चौथा भाग

१८ मे १९८६, रविवार, दुपारी चार. हजर: अध्यक्ष, खजिनदार, दोन सभासद, सचिव म्हणून मी, आणि बाई. विषय एकच: कॉमिक्सचं कपाट ठेवायचं की काढायचं.

बाईंनी विषयपत्रिका घेतली आणि आधी उलटून मागची कोरी बाजू पाहिली. लग्नपत्रिका असो, औषधाची बाटली असो, निवडणुकीचं पत्रक असो, त्या पहिल्यांदा मागून पाहायच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं की एवढंच विचारायच्या, "अन् दुसरी बाजू?" तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यापुढे गप्पासुद्धा जपून माराव्या लागतात.

अध्यक्षांनी मुद्दाम त्यांनाच परीक्षणाला बसवलं होतं. बाई नाहीच म्हणणार, याची त्यांना खात्री होती आणि कारणही तसंच होतं. महाल भागातलं हे वाचनालय बाई आणि मावशी, या दोन मैत्रिणींनी मिळून काढलेलं. पोरांना कॉमिक्स घरी द्यावं, असं मावशींचं म्हणणं. बाई म्हणाल्या, इथं ते येणार नाही. मावशी गल्लीच्या पलीकडे गेल्या आणि तिथं आपलं वाचनालय थाटलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. एका लग्नात दोघींची पानं शेजारी मांडली गेली, तर बाई न जेवता उठल्या होत्या. पुढे पोरं पलीकडे जायला लागली म्हणून आम्हीही कॉमिक्स आणलं. बाईंनी त्या ठरावावर सही केली नव्हती.

परीक्षणाला निवडलेली गोष्ट तेव्हा पोरांच्या तोंडी होती. वादळवीर आणि पोलादी पहारेकरी, दोन वेगळ्या मालिकांचे नायक, पहिल्यांदाच एकमेकांसमोर. पोरांनी त्यावरून मारामाऱ्या केल्या होत्या, एकाचा दात पडला होता. कपाटाचा विषय तिथूनच निघाला.

बाई आपलं लिहिलेलं परीक्षण वाचायला लागल्या. कूलरची घरघर मी बंद केली.

"पहिल्या भागात धरण फुटतं. वादळवीर पहारेकऱ्यावर आळ घेतो. तिसऱ्या भागात दोघं एकाच कोठडीत आहेत, पहारेकऱ्याचा हात तुटलेला आहे, आणि वादळवीर त्याला पाणी पाजतो आहे. चित्रं बटबटीत आहेत. पाणी पाजण्याचं चित्र मात्र चांगलं आहे." त्यांनी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. "बस, एवढंच."

"म्हणजे काढायचं ना?" अध्यक्ष म्हणाले.

"मधलं कुठं आहे?"

मी सांगितलं. दुसरा आणि चौथा भाग पहारेकऱ्याच्या मालिकेत निघाले होते. समितीनं काटकसर म्हणून फक्त वादळवीराची मालिका चालू ठेवली होती.

"आळ घेतलेला वाचला, अन् पाणी पाजलेलं वाचलं. आळ खोटा कसा ठरला ते वाचलंच नाही. याच्यावर मत देऊ काय मी?"

"बाई, लहान पोरांचं पुस्तक आहे ते."

"मंग तं अजून नीट वाचलं पाहिजे."

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. ते दोन भाग पलीकडेच मिळतील, म्हणाले, जाता काय? खजिनदारांनी मान खाली घातली. बाईंनी कागदाची घडी घातली. मग उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि पिशवीतला कांदा चाचपला. ऊन बाधू नये म्हणून बाहेर निघताना कांदा सोबत ठेवायचाच.

"तू चाल गा संग," मला म्हणाल्या.

गल्ली ती केवढी. पण मधोमध त्या थांबल्या, तेव्हा मला वाटलं, परततात आता.

मावशी टेबलामागे पुस्तकाला खाकी कव्हर घालत होत्या. वर पाहिलं आणि पुन्हा कव्हराची घडी पाडू लागल्या.

"दुसरा अन् चौथा भाग पाहिजे," बाई म्हणाल्या.

"बाहेरच्याले देत नाही आमी."

"सभासद करून घ्या."

"जुन्या सभासदाची ओळख लागते. कोन ओळखते तुमाले इथं?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मी माझी ओळख देणार होतो, पण मी तरी कुठं तिथला सभासद? मावशींनी घडी पूर्ण केली, कव्हरावरून अंगठा दाबून फिरवला.

"माही ओळख हाये," त्या म्हणाल्या आणि दुसरा भाग काढून टेबलावर ठेवला.

"चौथा?"

"एका वेळी एकच पुस्तक. नियम तुहाच हाये."

बाई हसल्या नाहीत. पण परत येताना त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं नाही, हातातच धरलं होतं.

निर्णय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत बाई म्हणाल्या, चौथा भाग बाहेर गेला आहे, आला की वाचते. त्याच्या पुढच्याही सभेत तेच. दर रविवारी उन्हं उतरली की त्या पलीकडे चौकशीला जायच्या आणि दिवेलागणीला परतायच्या. मी विचारलं तर, "अजून नाही आला गा." अध्यक्ष चिडायचे, पण अर्ध्या परीक्षणावर कपाट काढता येत नव्हतं. पोरं पुस्तकं नेत होती, आणत होती.

थंडीत बाई गेल्या. तेरावं झाल्यावर मावशी गल्ली ओलांडून आमच्याकडे आल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चौथा भाग माझ्या टेबलावर ठेवला.

"शेवटी परत आला म्हणायचा," मी म्हणालो.

"गेलाच कुठं होता? दुसऱ्याच रविवारी वाचला तिनं. माह्यासमोर बसून."

"मग परीक्षण?"

"मी म्हणत जाओ, लिहून टाक. तं म्हणे, लिहीन, घाई काय हाये."

मावशी थोडा वेळ बसल्या. चहा नको म्हणाल्या. जाताना कपाटाकडे एक नजर टाकली.

वार्षिक सभेआधी मी दरवर्षी राहिलेल्या कामांची यादी करतो. कामं होतात, मी रेघ मारतो. पहिलं काम अजून तसंच आहे: "कॉमिक्सच्या कपाटाबाबत अहवाल, बाई."