मोहगावात मोहगावकर नाहीत

मी गाव सोडलं तेव्हा चांदवडच्या स्टँडवर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीच्या खिडकीतून कांद्यांची पिशवी आत कोंबली आणि म्हणाले, "नाशकात लय लोक हायेत. पण आपलं आडनाव दिसलं का खुशाल दार वाजव. मोहगावकर तेवढे सगळे आपली भावकी." गाडी सुटली आणि पिशवी फाटली. नाशिक येईपर्यंत मी सिटांखाली रांगत कांदे गोळा करत होतो. शहरात माझं आगमन झालं ते असं, गुडघ्यांवर.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून पुण्याला, दुबईला गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा. माझं काम अडलंय.

गावात 'मोहगावकर' म्हणून हाक मारली की अर्धी आळी ओ द्यायची. इंदिरानगरात फ्लॅट घेतला, तर हे नाव कुरिअरवाल्याशिवाय कुणी उच्चारेना. मग मी फेसबुकवर आडनाव टाकून माणसं शोधली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, स्वतःलाच अ‍ॅडमिन केलं आणि हॉल घेऊन स्नेहमेळावा भरवला. सिन्नरचे, सटाण्याचे, नाशिकरोडचे मोहगावकर आले. मी माईक धरून ओरडलो, "आपण सगळे एका रक्ताचे!" पहिल्या रांगेत माझी मुलगी रेवती सटाण्याच्या निखिल मोहगावकरशेजारी बसली होती. दोघं जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, पोरीला भावकीची गोडी लागली.

पुढच्या वर्षी तिने सांगितलं, लग्न करीन तर निखिलशीच.

एका आडनावात आपल्याकडे सोयरीक होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? अप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "भावा-बहिणीचं लग्न लावतो का रं?" दोन्ही घरांची कुलदैवतं वेगळी निघाली, तेव्हा मी नाचतच पुन्हा फोन केला. आपला खंडोबा, त्यांची सप्तशृंगी! "देव बदलत्यात," अप्पा म्हणाले, "आडनाव नाय."

मग मी मूळच खणायला निघालो. आपले पूर्वज इगतपुरीपलीकडच्या मोहगावचे, हे अप्पा नेहमी सांगायचे. भरपावसात तिथे पोचलो. टपरीवर चहा घेत विचारलं, "मोहगावकरांची घरं कुठेशी?"

सगळी टपरी हसली. "मोहगावात कोन मोहगावकर म्हनवून घेईल, भाऊ?" एक म्हातारी म्हणाली. "जो हितून गेला, त्याला बाहेरच्यांनी ते नाव ठिवलं. लय घरं गेली. कोन कवा, कोन कवा. समदी काय एका घरातली व्हती व्हय?"

परतताना भाताच्या खाचरात सपशेल आपटलो, तरी हसत होतो. केस जिंकली होती ना! त्याच चिखलाच्या कपड्यांनी थेट चांदवड गाठलं आणि अप्पांना सांगितलं: हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं, नाव एक असलं तरी घरं वेगळी, रक्ताचा काही संबंध नाही.

अप्पांनी माझ्या चिखलाच्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग हे नाव पडायच्या आदी आपण कोण व्हतो?"

पोरीचं लग्न वाचवायला गेलो आणि म्हाताऱ्याची सगळी भावकी एका दमात पुसून आलो. निघताना त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "लग्नात मला कोण म्हणून बोलवतो? भावकी का सोयरा?"

तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. रविवारी लग्न आहे. रेवती म्हणते, आजोबा आल्याशिवाय मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. मी तिला 'येतील गं' म्हणतो आणि गॅलरीत जाऊन रडतो. खाली वॉचमन वर बघतो, म्हणून मग कपडे वाळत घातल्यासारखं करतो.

गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यापैकी कुणीतरी अप्पांना समजवा. समजत नसतील तर उचलून गाडीत बसवा. शिव्या देतील, त्या माझ्या नावावर घाला. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर आजकाल मला एकच जागा सांगता येते: अप्पा जिथे बसतील ती. मांडवात त्यांची खुर्ची ठेवतोय. मुलीकडच्यांत ठेवू की मुलाकडच्यांत, ते ठरेना. म्हणून मधोमध ठेवणार आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडखळायला होईल अशी.