आवक, जावक आणि फेस

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाने एक ग्लास बिअर घेतली, तर ती दिवसाच्या तीन लिटर पाण्यात धरावी की नाही, हा प्रश्न मी गेल्या उन्हाळ्यात सोडवायला घेतला.

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. उत्तर पाठ करू नये, प्रयोगाने काढावे, असे मुलांना सांगत आलो. (त्यात कोणाकोणाची बोटे भाजली, तो विषय वेगळा.)

मूत्रपिंड मुळात माझे नाही. ते माझी पत्नी सुमन हिचे. सध्या मुक्काम माझ्या पोटात असला, तरी मालकी तिने सोडलेली नाही. डायलिसिसच्या काळात जास्त पाणी पिऊ नये म्हणून ती तांब्या लपवून ठेवत असे. आता तोच तांब्या घेऊन माझ्या मागे फिरते. "प्या! माझी किडनी हाय ती, तिला सुकवायचं न्हाय!"

प्यायलेले पाणी मोजायला एक मापाचा मग आणि लघवी मोजायला दुसरा. गोंधळ नको म्हणून मी त्यांवर शाळेच्या कार्यालयाप्रमाणे 'आवक' आणि 'जावक' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. नोंदवही सुमनकडे.

मद्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "मला विचारल्याशिवाय थेंबही नाही." या वाक्याचा मी बारकाईने अभ्यास केला. विचारल्यास परवानगी मिळू शकते, असा त्याचा अर्थ होतो. मिळूच शकते, तर विचारून डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यावा? (अशी उत्तरे लिहिणाऱ्या मुलांना मी शून्य देत असे.)

एका रविवारी सुमनचा धाकटा भाऊ सर्जेराव बिद्रीहून मटण घेऊन आमच्याकडे उचगावला आला. सुमन रश्श्याच्या तयारीला लागली आणि सर्जेरावने पिशवीतून हळूच बिअरची बाटली काढली.

"दाजी, वरीस झालं की ऑपरेशनला! एवढीशी घ्या, काय होत न्हाय."

"तुझ्या आक्काने पाहिले तर?"

"मग तुम्ही एकटं न्हाय, मी बी मेलो!"

आता लपवायची कुठे? सुमन सगळी कपाटे उघडते. पिवळ्या द्रवाबद्दल कोणी शंका घेणार नाही, अशी घरात एकच जागा होती. जावकचा मग त्याच सकाळी नवा आणला होता. कोरा करकरीत, फक्त चिठ्ठी लावलेला. मी त्यात बरोबर तीनशे मिली मोजून ओतली, तो मग न्हाणीघराच्या फळीवर ठेवला आणि जेवणाआधी उचलायचे ठरवले. योजना निर्दोष होती. फक्त बिअरला फेस येतो, एवढे विज्ञानशिक्षक विसरला! आणि लघवीत फेस दिसल्यास लगेच कळवा, ही डॉक्टरांची सूचना सुमनला तोंडपाठ होती.

दोनच मिनिटांत न्हाणीघरातून किंकाळी आली.

"अवो! फेस! फेस आलाय!"

"असेल थोडा..."

"थोडा? बोटभर हाय! एक तुमच्यात, एक माझ्यात. माझ्यातली गप हाय, मग तुमच्यातलीच का फेसाळली? काय केलंसा तिला?"

मी सर्जेरावकडे पाहिले. सर्जेराव पंख्याकडे पाहत होता.

सुमनने आधी वहीत नोंद केली: जावक, तीनशे मिली, फेस. मग डॉक्टरांना फोन. त्यांनी नमुना घेऊन ताबडतोब बोलावले. तिने नमुना बाटलीत भरला, गॅस बंद केला (मटण अर्धे कच्चे!) आणि आम्ही गाडीत बसलो. "काय होत न्हाय, आक्का," असे सर्जेराव गाडी चालवताना सारखा म्हणत होता. त्याला एवढी खात्री का, हे मलाच ठाऊक होते. कबुलीसाठी मी योग्य क्षण शोधत होतो. शहरात शिरेपर्यंत तो सापडला नाही.

सुमन बाटली मांडीवर घट्ट धरून बसली होती. डोळे पुसून ती हळूच म्हणाली, "घाबरू नगा. ही गेली तर माझी दुसरी बी काढून देती."

या विधानात वैद्यकीयदृष्ट्या गंभीर चूक होती. आयुष्यात प्रथमच मला कोणाची चूक दुरुस्त करता आली नाही.

"सुमन," मी म्हणालो, "ती बिअर आहे."

सर्जेरावने करकचून ब्रेक दाबला. सुमनने बाटलीचे झाकण उघडले, वास घेतला, झाकण लावले.

"सर्जा, चल फुडं. दवाखान्यातच जायाचं. ह्यांनी सोत्ताच्या तोंडानं सांगायचं."

मी सांगितले. डॉक्टरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "सर, विचारले असते तर रिपोर्ट आणि औषधे पाहून कदाचित थोडी चालेल, असे म्हणालोही असतो. पण ती पाण्यात धरायची नाही. उलट तिने शरीरातले पाणी कमी होते."

"मग आता विचारतो," मी म्हणालो.

"आता मला इचारा!" सुमन म्हणाली. डॉक्टरांनी या बदलाला लगेच मान्यता दिली.

तेव्हा उत्तर असे: बिअर आवकमध्ये धरता येत नाही. माझी तर तिथवर पोचलीच नाही. वहीत ती आजही जावकमध्ये आहे. नोंद खोड म्हटले, तर सुमन म्हणते, "खोडाखोड करायची न्हाय, तुमचीच शिकवण की!" त्यामुळे न प्यायलेली बिअर शरीराबाहेर टाकणारा मी कागदोपत्री पहिलाच मनुष्य ठरलो आहे. म्हणून विनंती एवढीच, की वाचकांनी माझ्या उत्तरावर विसंबू नये. आपापल्या डॉक्टरांना विचारून स्वतः खात्री करून घ्यावी. आणि तीही ओतण्याआधी.