सोवळ्यातला सर्व्हर

त्या डब्याचं झाकण मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला ओकारी आली. वाढवून सांगत नाही, मागच्या मोरीपर्यंत पळत गेले. दाजीबानपेठेतल्या एका कापडाच्या पेढीनं आपला जुना कॉम्प्युटर काढून टाकला होता, आणि तो मी हुबळीच्या एका जुना माल विकणाऱ्याकडून घेतला होता. "चालू माल आहे की अक्का, घरी नेऊन नुसती पिन लावायची," असं तो म्हणाला होता. आत बोटभर जाडीचा काळा कापूस साठलेला. त्यात उदबत्तीची राख, कुंकू, झुरळांची अंडी, आणि पंख्याच्या जाळीला वाळून चिकटलेलं पालीचं पिल्लू. बाहेरून डाव्या बाजूला गुटख्याची पिंक. म्हणजे पेढीवरचा कोणी बहाद्दर काम करता करता तिथल्या तिथेच थुंकत होता. शी.

तरी तो मी साफ केला, कारण मला सर्व्हर हवा होता आणि नवा सर्व्हर घ्यायची ऐपत नव्हती. धारवाडात मळमड्डीला आमचं घर. नवरा बदलीच्या गावी, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घरात सासू, सासरे आणि मी. पुढच्या खोलीत मी प्रबंध टाईप करून द्यायचं काम चालवत होते, मदतीला गल्लीतल्याच दोघी बायका. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. तीन कॉम्प्युटर होते, पण एकाचं काम दुसऱ्यावर न्यायचं तर फ्लॉपी. एकीनं दुरुस्त केलेलं दुसरीनं पुसायचं, आणि एका प्राध्यापकांच्या प्रबंधात तिसरं प्रकरण दोनदा छापून गेलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. सगळं काम एकाच ठिकाणी राहिलं आणि तिघींनी तिथूनच उचललं, तर ही कटकट संपणार होती.

मग दोन रविवार मी मागच्या अंगणात तोंडाला पदर बांधून बसले. जुना दातांचा ब्रश, स्पिरिट आणि सेफ्टीपिन. मेमरीच्या दोन पट्ट्या एका दुकानातून, हार्ड डिस्क दुसऱ्या दुकानातून, डब्बा तोच पिंकेचा. एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स घातलं. कीबोर्ड काढला तर ते मशीन 'कीबोर्ड नाही' असं सांगून 'कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा' म्हणत अडून बसायचं, त्याची ती खोड मोडायला एक अख्खी दुपार गेली. पण चाललं. मासिकात लिहिलं होतं की सर्व्हरला एकदा जागेवर ठेवला की पुन्हा हात लावावा लागत नाही. ते वाक्य मी खरं धरलं, आणि तिथंच फसले.

जागेचा प्रश्न आला. पुढच्या खोलीत रस्त्यावरची सगळी धूळ. सासूबाई म्हणाल्या, "देवघराला लागून सोवळ्याची खोली आहे की. तिथं कोण फिरकतंय?" खरंच होतं. खाली शहाबादी फरशी, उन्हाळ्यातसुद्धा थंड, काठीवर सोवळ्याचे कपडे वाळत घातलेले, खाली लोणच्याच्या बरण्या. धूळ नाही, झुरळ नाही. भिंतीला भोक पाडून वायर पुढच्या खोलीत आणली. सासूबाईंनी डब्यावर गोमूत्र शिंपडलं, मी पंख्यावर हात धरून तेवढा तो वाचवला. हळदकुंकू लागलं. गुटख्याच्या पिंकेसकट, अंड्यांच्या डागांसकट तो शुद्ध झाला.

मी मात्र महिन्याचे तीन दिवस त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम. लग्न झाल्यापासून पाळत होते. बाहेरच्या खोलीत बसून टायपिंग केलं तर चालायचं. पैसे येत होते ना, त्यामुळे कॉम्प्युटरला विटाळ नाही, वायरीला विटाळ नाही, असं सासूबाईंनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं. सर्व्हर आत ठेवताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पण हात लावायचाच नाही, तर काय बिघडतंय, म्हटलं. जो नियम अंगवळणी पडलाय त्याच्याशी भांडायचा मला कंटाळा होता, आणि आज त्या कंटाळ्याचीच मला जास्त किळस येते.

पहिले चार महिने निभावलं. मग ते जुनं मशीन आपला गुण दाखवायला लागलं. मधेच बंद पडायचं, चालू केलं की एक लांब शिटी, थांबून परत शिटी. मेमरीची पट्टी सैल झाली की असं होतं. झाकण काढायचं, पट्टी उपसायची, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासायचे, परत दाबून बसवायची. पाच मिनिटांचं काम. पण कुठली पट्टी, किती जोरानं, टोकाचा कुठला कान आधी दाबायचा, हे माझ्या बोटांनाच ठाऊक.

त्या वर्षी एका बाईंचा प्रबंध माझ्याकडे होता. हुबळीच्या एका कॉलेजात तात्पुरत्या लेक्चरर होत्या. वडील रेल्वेच्या कारखान्यात मजूर होते, घर बौद्ध, आणि हुबळीतल्या मराठी बोलणाऱ्या मजूर घरांची बोली हाच त्यांचा विषय. वयानं माझ्याएवढ्याच, पण मला अक्का म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम. त्या व्हरांड्यात बसायच्या. बाकीचे प्राध्यापक आत हॉलमध्ये, सोफ्यावर. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून घेतलं होतं. मी व्हरांड्यात एक टेबलफॅन लावून दिला, आणि आपण केवढं मोठं काम केलं असं मला वाटलं.

शनिवारी दुपारी एकला विद्यापीठाची कचेरी बंद होणार होती. त्याआधी प्रबंध दिला नाही तर त्यांची नोंदणी रद्द, आणि पुढच्या आठवड्यात कायम नोकरीची मुलाखत, तिथे प्रबंध दिल्याची पावती दाखवावी लागणार. बांधणीवाल्याला शुक्रवारी दुपारपर्यंत पानं द्यायची होती. शुक्रवारी सकाळी दहाला त्या येऊन बसल्या, शेवटच्या दोन प्रकरणांची दुरुस्ती आदल्या दिवशीच संपली होती, मी प्रिंटरमध्ये कागद भरला, आणि भिंतीपलीकडून शिटी ऐकू आली. ती दुरुस्ती त्या डब्यात होती, आणखी कुठेच नव्हती. माझा दुसरा दिवस होता.

सासरे निवृत्त शिक्षक, स्वभावानं गरीब. नुकतीच पूजा आटपून सोवळ्यात होते. मी सोवळ्याच्या खोलीच्या दारापासून चार हात लांब उभी राहून त्यांना सांगायला लागले, "मामंजी, बाजूचं झाकण ओढा. आत हिरवी पट्टी उभी दिसेल, तिच्या दोन्ही टोकांना पांढरे कान आहेत."

"ही काय?" म्हणत त्यांनी हार्ड डिस्कची रुंद वायर धरली आणि ओढली.

"ती नव्हे. ती सोडा. आधी वीज बंद करा मामंजी, आणि हात पुसा."

त्यांचे हात संध्येच्या पाण्यानं ओले होते. एक थेंब आत पडलेला मला लांबून दिसला. त्यांनी झाकण हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "मला नाही जमत ग बाई. माझ्या हातून मोडेल."

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "साकु, पुरे आता. उगीच म्हाताऱ्या माणसाला राबवू नकोस. परवा न्हाऊन ये आत आणि कर काय ते. दोन दिवसांनी काय आकाश कोसळतंय?"

"आई, त्यांची नोकरी जाईल."

"तर इकडचा धर्म बुडवायचा काय?"

हे सगळं व्हरांड्यात ऐकू जात होतं. दार उघडंच होतं. मी वळून बघितलं तर मॅडम पायरीवर उभ्या, चप्पल घातलेली, पर्स छातीशी धरलेली. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच म्हणाल्या, "अक्का, बांधणीवाला दोनपर्यंतच थांबतो." आवाज अगदी साधा. रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर मी त्यांची समजूत घालत बसले असते, तेही त्यांनी करू दिलं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या खोलीत मेलेल्या पालीचा डबा बसू शकतो, आणि तो स्वतःच्या हातानं धुतलेली बाई दारात. मी आत गेले. बरण्यांना पदर लागला. सासूबाई "लोणचं नासलं सगळं" म्हणत राहिल्या. मी वायरी उपसल्या आणि तो डबा घागरीसारखा कमरेवर घेऊन हॉलमधून सरळ व्हरांड्यात आणला, कारण तिथे उजेड होता.

जमिनीवर फतकल मारून बसले. मॅडमनी पर्समधून खोडरबर काढून दिलं, मास्तरणीकडे असतंच. थेंब पुसला, पट्टी घासली, बसवली, रुंद वायर जागेवर लावली. शिटी वाजली नाही. पंखा फिरला. लांब वायरी ओढून डबा पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला आणि प्रिंटर डब्याला जोडला तेव्हा अकरा वाजले होते. प्रबंध वेळेत गेला, मॅडमना नोकरी लागली, हे आत्ताच सांगून टाकते. पुढचं टायपिंग त्यांनी हुबळीतच कुठेतरी दिलं. आणि आमच्या घरी त्या दिवशी सोवळ्याची खोली बारा बादल्या पाण्यानं धुतली गेली, लोणचं मोलकरणीला देऊन टाकलं गेलं, तिनं ते वर्षभर खाल्लं आणि तिला काही झालं नाही.

पानं एकेक करून बाहेर यायला लागली. मॅडम ती जुळवत होत्या आणि मी बडबडत होते. इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. स्वतःच्या घरात परक्यासारखं लांब उभं राहायचं, काम येत असून हात बांधून घ्यायचे, माणसाला शिवाशिव आणि कचऱ्याला हळदकुंकू, या घराचा मला वीट आलाय मॅडम, तुम्हाला नाही कळायचं. त्या "हूं" म्हणत होत्या. मान वर केली नाही. मला वाटलं, पानांचे आकडे बघतायत.

सगळ्यात शेवटी सुरुवातीची पानं काढली. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश. ऋणनिर्देशाच्या अखेरीस टाईप करणाऱ्याचे आभार असतात, आणि तो मजकूर माझ्याकडे तयारच असायचा. मार्गदर्शकांचं, आईवडिलांचं ज्याचं त्यानं सांगायचं, आणि खाली माझ्या नावाच्या तीन ओळी मी आपल्या हातानं चिकटवायचे. अजून कोणी हरकत घेतली नव्हती. बहुतेक जण वाचतच नसत.

मॅडमनी वाचलं. मग ते पान माझ्यापुढे फरशीवर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "अक्का, एवढं एक वाक्य काढता काय? बाकी राहू दे. तुमचं नाव राहू दे, काम चांगलं केलंय."

मी वाचलं. 'त्यांनी मला सदैव आपल्या घरातील व्यक्तीप्रमाणे वागवले.'

टेबलफॅन आमच्या दोघींवर फिरत होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती. मी "हो मॅडम" म्हटलं, उठून आतल्या कॉम्प्युटरशी गेले, ते वाक्य पुसलं आणि पान परत छापून त्यांच्या हातात दिलं.