‘सेट’च्या चिठ्ठ्या आणि भाचीचे लग्न

आमच्या घरातली माणसे ‘सेट’ हा इंग्रजी शब्द नेमक्या किती अर्थांनी वापरतात? हा प्रश्न मी स्वतःलाच घातला, कारण निवृत्त शिक्षकाला प्रश्न घालायला दुसरे कोणी उरत नाही. देवासच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. या शब्दाचे अर्थ मुलांनी पाठ करावेत म्हणून मी त्यांना बाकावर उभे केले होते. त्यांनी ते पाठ केले नाहीत. आज तीच मुले बाजारात हा शब्द माझ्यापेक्षा सफाईने वापरतात, हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

प्रथम पद्धत ठरवली. एका चिठ्ठीवर एकच प्रयोग लिहायचा, आणि तो ऐकल्याबरोबर जागच्या जागी लिहायचा; मागाहून आठवलेला पुरावा ग्राह्य धरायचा नाही. वस्तूचे नाव म्हणून आलेला ‘सेट’ पिवळ्या पाकिटात, क्रिया म्हणून आलेला निळ्या पाकिटात.

“आणि हे सगळं पुरं झाल्यावर काय होणार?” असे पत्नीने विचारले. या प्रश्नासाठी माझ्याकडे पाकीट नव्हते.

अशातच धारहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिफ्टच्या बसमध्ये तिची एका मुलाशी ओळख झाली, ती वाढली, आणि आता मुलाचे आईवडील कुक्षीहून रविवारी ताईकडे येणार होते. वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ आणि कडक. त्यांनी आधीच निरोप धाडला होता: मुलगी आणि नारळ, देण्याघेण्याचा विषय निघाला तर आम्ही उठू.

भाचीने मला वेगळा फोन केला. “मामा, मला हेच घर हवंय. तुम्ही प्लीज जास्ती बोलू नका.”

मी शब्द पाळला. मी बोललो नाही. मी लिहीत बसलो.

यात माझा फारसा दोष नव्हता, असे मला त्या वेळी वाटत होते. पाहुणे बसतात न बसतात तोच ताई म्हणाली, “हा टी-सेट माझ्या लग्नातला, आज मुद्दाम काढला.” मी चिठ्ठी लिहिली. मुलाच्या आई म्हणाल्या, “आमच्याकडे पण सोफा-सेट बदलायचा चाललंय.” दुसरी चिठ्ठी. त्यांनी भाचीचा ओढणीसकट पोशाख न्याहाळून विचारले, “हा सेट बाग गावचा ना? छपाई ओळखू येते.” तिसरी. मग बोलता बोलता त्यांच्या सासूबाईंच्या सोन्याच्या सेटची गोष्ट निघाली. गोष्ट हृद्य होती, असे ताई पुढे म्हणाली. मी त्यातले दोनच शब्द ऐकले. चारही चिठ्ठ्या मी टेबलावर एकीखाली एक, नीट रांगेत मांडल्या.

येथे एक रीत सांगणे आवश्यक आहे. लग्न ठरले की दोन्ही घरांनी कबूल केलेल्या गोष्टी कागदावर उतरवायच्या, या कागदाला आमच्या घरांत अजून ‘याद’ म्हणतात, आणि ती मुलीच्या मामाने लिहायची असा प्रघात आहे. ज्याने उभी हयात तहसिलीत काढली, तो टेबलापलीकडचा कागद उलटाही वाचू शकतो, हेही मला कळायला हवे होते. मीसुद्धा मुलांच्या वह्या तशा वाचलेल्या आहेत.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. “मामासाहेब, ही याद कुणाच्या सांगण्यावरून?”

“याद नाही, अभ्यास आहे,” मी म्हणालो.

“टी-सेट, सोफा-सेट, बागचा सेट, सोन्याचा सेट. हा अभ्यास? आम्ही काही मागितलं नाही, अन् तुम्ही आमच्या नावानं लिहून मोकळे?”

मी त्यांना नाम आणि क्रियापद यांतील भेद समजावून सांगू लागलो. चूक मोठी असली की माझे स्पष्टीकरण लांबते. ते उठून उभे राहिले. सोबत आलेला मुलगा खाली बघत होता.

“अरे, तुला मुलीचा मामा म्हणून बोलावलं होतं, पर्यवेक्षक म्हणून नाही,” ताई म्हणाली.

भाची मात्र माझी पद्धत ओळखून होती. “मामा, निळं पाकीट कुठंय?”

“देवासला.”

“मामींना फोन लावा. स्पीकरवर.”

पत्नीने पाकीट शोधले. कोण ऐकत आहे याची तिला कल्पना नव्हती. “वाचू? ‘दही अजून सेट झालं नाही.’ ‘गजर साडेपाचला सेट करा.’ ‘शेजारच्यांचा मुलगा इंदूरला सेट झाला.’ आणि हे काय? ‘या माणसाला रिटायर झाल्यावर घरात सेट करणं कठीण आहे.’ अहो, हे मी वन्संना फोनवर म्हणत होते. तुम्ही तेही लिहून घेतलंत?”

मग मुलाचे वडील हळूहळू खाली बसले.

“दही कुणी यादीत मागत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत आहेत हे समजायला मला थोडा वेळ लागला. “लिहा भिया, एक माझ्याकडून. नकलांचा सेट. एक अर्जदाराला, एक दफ्तराला.” मामासाहेबाचा मी भिया, म्हणजे भाऊ, झालो होतो, माळव्यात ही बढती समजतात.

मी खिशाकडे हात नेला. भाचीने पेन आधीच काढून घेतले होते.

पुढल्या महिन्यात खरी याद झाली. प्रघात मोडून ती भाचीने स्वतः लिहिली. तिचे शिक्षण हिंदीत झालेले, त्यामुळे शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी त्या मोजल्या; सांगितल्या नाहीत. यादीत दोनच कलमे होती: एक नारळ, आणि मुलगी नोकरी सोडणार नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सह्या केल्या.

पेढे वाटताना एक काकू म्हणाल्या, “चला, पोरगी सेट झाली.”

“काकू, मी नोकरी लागली तेव्हाच सेट झाले होते,” भाची म्हणाली. “तेव्हा पेढे नव्हते वाटले.”

तो अर्थ माझ्या निळ्या पाकिटात होता. परंतु त्याचे उदाहरण शेजारच्यांच्या मुलाचे होते. मुलीचे एकही नव्हते, आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते. घरी येऊन भाचीच्या वाक्याची चिठ्ठी आठवून लिहिली. नियमाप्रमाणे ती ग्राह्य नाही. मी ती ठेवली आहे.

तिचा अर्थ वेगळा धरून माझ्याकडे एकोणीस अर्थ जमले. वरील अनुभव पाहता मोजणीत चूक असणे अगदी शक्य आहे. वाचकांनी आपल्या घरी एक दिवस कान देऊन ऐकावे आणि ती स्वतः पडताळून पाहावी, ही विनंती.