यावंच लागते, मायबाई

अकोल्याच्या जुन्या शहरात तो टांग्यातून भोंग्यावर सिनेमे पुकारायचा. सिनेमा देवाचा असो की दरोड्याचा, पुकाऱ्याचा शेवट ठरलेला, "यावंच लागते, मायबाई!" मला त्या ओरडण्याचा वीट आला होता.

आमच्या गल्लीतली, अमरावतीला दिलेली पोर सासरी मारली गेली. पुढं त्या खुनावर सिनेमा निघाला. तो सिनेमा पुकारत तिच्या आईच्या दारापाशी येताच त्यानं भोंगा खाली ठेवला.

ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "काहून चूप झाला रे?"

"तुमच्या दारात काय वरडू, माय?"

"वरड. सिनेमात तिचं नाव बदललं म्हन्तेत. तू खरं घेजो."

त्यानं टोपी काढली आणि भोंग्याशिवाय तिचं नाव पुकारलं. पाठोपाठ सवयीनं तोंडून निघून गेलं, "यावंच लागते, मायबाई!"

म्हातारी उठून गल्लीच्या तोंडाकडं पाहत राहिली.