बारवेचं पाणी आणि शेठचं दान

आमच्या यांच्या गुडघ्यातला नारू तुटला तिथपासून सांगते. नारू म्हणजे दोऱ्यासारखा किडा. आधी कातडीवर फोड येतो, फार आग होते, मग फोड फुटून पांढरं टोक बाहेर येतं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली की तुटतो, आत राहिलेला सडतो आणि पाय आखडतो. पेरणीच्या तोंडावर यांना बैलाचा धक्का लागला आणि नारू आत तुटला. पावसाळाभर ते खाटेवर होते. उठले तेव्हा गुडघा वाकलेलाच राहिला.

आमच्या गावात दर उन्हाळ्याला हे असंच चालायचं. गाव शहाद्याच्या खालच्या अंगाला, काळ्या रानातलं. प्यायला एकच बारव, पायऱ्यांनी आत उतरायचं. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर भरायच्या. ज्याच्या पायाची आग होई तोही तिथेच पाय बुडवून बसे, कारण त्यानंच बरं वाटायचं. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनात नव्हतं.

मला एकच लेक. तिच्या आधीची दोन गेली, नंतर झालं नाही. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. यांचा पाय गेल्यावर माझा जीव तिच्या पायात अडकला. आमच्यात सून आणायची ती शेतात राबायला. लंगड्या मुलीला कोण विचारतं? मी देवाकडे दुसरं काही मागत नव्हते.

त्याच साली दिवाळीनंतर मुंबईकडचा एक डॉक्टर आमच्या गावात येऊन राहिला. त्याला शहाद्याच्या एका शेठनं आणलं होतं. शेठ जैन, मारवाडातून आलेल्या घराण्यातले. त्यांची कापसातून सरकी काढायची जिन होती. देवाधर्माला, मुक्या जनावरांना, थंडीत घोंगड्या वाटायला त्यांचा हात कायम सैल. डॉक्टरनं त्यांना पटवलं होतं की लंगड्याला काठी देणं चांगलंच, पण माणूस लंगडाच होऊ नये याला पैसा लावा. एका गावात नारू कसा होतो ते शोधू, तिथला बंद करून दाखवू, मग ते लिहून काढलं की सरकारही करेल आणि दुसरे शेठही पुढे येतील. शेठला ते फार आवडलं. चावडीवर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दान असं द्यावं की तेच परत द्यायची पाळी येऊ नये."

डॉक्टर बोलायचा शाळेतल्या पुस्तकासारखं. बायकांना निम्मं कळायचं नाही. मी चौथीपर्यंत गेलेली, म्हणून शेजारीण मला कोपरानं ढोसून विचारायची, "काय म्हनस व तो?" मी पदराआडून तिला सांगायची, ती मोठ्यानं सगळ्यांना सांगायची.

एके दिवशी त्यानं बारवेच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि दुर्बिणीखाली ठेवला. एकेकीला बघायला लावलं. उड्या मारणारे बारीक किडे होते. तो म्हणाला, नारूवाल्यानं पाय बुडवला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, हे किडे ती खातात आणि आपण हे किडे पितो.

"अय माय, हाई वळवळतं आपन पेतस?" शेजारीण मागे सरकली. "आते ऱ्हाऊं दे बा, मन्हा घसा कोरडा पडना तरी चाली."

डॉक्टरनं आणखी एक सांगितलं. शेठच्या लोकांत कोणाला नारू नाही, कारण त्यांच्यात पाणी गाळल्याशिवाय घोट घेत नाहीत. मग शेठनं मांजरपाटाचे तागे पाठवले, घरटी एक दुहेरी तुकडा. गाळायला शिकवायला त्यांची विधवा बहीण आली. त्यांच्या घरी तिला बाईसा म्हणत, तेच आम्हीही म्हणायला लागलो. तिनं घागरीच्या तोंडावर कापड कसं बांधायचं ते दाखवलं. पाणी ओतून झाल्यावर कापड उलटं केलं, गाळलेल्या पाण्यानं हलक्या हातानं धुतलं आणि ते धुवण वाटीत धरलं.

"हे परत बारवेत सोडायचं. ज्या पाण्यातून जीव आला त्या पाण्यात पोचवायचा. कोरड्यावर टाकला तर तहानेनं मरेल."

"जो आपला पाय खास, तेलेच आपन घरे पोचाडानं?" शेजारीण म्हणाली. बायका हसल्या.

बाईसा रागावली नाही. "तो तुझा पाय खातो ते त्याचं कर्म. तू तुझं कशाला बिघडवतेस?"

डॉक्टरच्या मनात ते धुवण तापल्या मातीवर टाकावं आणि बारवेत चुना सोडावा असं होतं. शेठनं हात जोडले. "माझ्या पैशानं जीव मारू नका डॉक्टर. बाकी म्हणाल ते करतो." डॉक्टरनं चुन्याचा विषय सोडला. गाळलेलं पाणी प्यायलं तरी माणसं वाचतील, एवढ्यावर त्यानं समाधान मानलं असावं.

मी घरात एक थेंब न गाळता येऊ दिला नाही. लेक शेतावर निघाली की तिच्यासोबत गाळलेल्या पाण्याचा तांब्या. बारवेवर ओंजळ लावलीस तर हात मोडीन, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. डॉक्टर औषध लावायला आमच्या ओट्यावर यायचा, तेव्हा तो यांना म्हणाला होता, "एक लक्षात ठेवा. आज प्यायलेला नारू बाहेर यायला वर्ष लागतं. येत्या उन्हाळ्यात निघतील ते मागच्या पाण्याचे. कापडाचा गुण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दिसेल." दाराआडून मी ऐकलं आणि मनात मोजत बसले की मागच्या उन्हाळ्यात माझी लेक कितीदा त्या बारवेवर पाणी प्यायली असेल.

उन्हाळा आला आणि घराघरांत पुन्हा माणसं खाटेला लागली. चैत्र सरताना लेकीच्या घोट्यामागे फोड आला. मी तो पाहिला आणि चुलीपुढे जाऊन बसले. सासू बाहेरून ओरडत होती, मला उठता येईना.

फोड फुटून टोक बाहेर आलं, त्याच सुमारास शेठ गाव बघायला आले. चावडीसमोर सतरंजी घातली. आम्ही बायका भिंतीमागे उभ्या होतो. पाटलानं माझ्या लेकीला पुढे बोलावलं. काडी पायाला बांधलेली, ती एका पायावर उड्या मारत गेली.

"शेठ, हाई पोर देखा. इन्ही माय अख्खा गावम्हा जास्ती पानी गाळे. इलेच नारू निंघना. कापड चांगलं व्हतं, आमन्या बाया तेन्या चोळ्या शिवतीन."

लोक हसले. पुरुषांत बोलायची आमच्यात रीत नव्हती आणि माझा तर चार बायकांतही आवाज फुटत नसे. पण डॉक्टरचं बोलणं चावडीवर सांगा असं घरून निघताना मी यांना परत परत सांगितलं होतं, आणि हे खरंच काठी टेकून उभे राहिले.

"शेठ, डॉक्टरसायेब पह्यलेच सांगी ग्यात. हाऊ मांगला सालना पानीना नारू शे. कापडना गुन पुढला साल दिखी."

"पुढला साल, पुढला साल!" पाटील म्हणाला. "तुन्हा गुडघा बी पुढला सालच सरळ व्हई का रे?"

मग कोणी ऐकून घेतलंच नाही. हे खाली बसले.

डॉक्टर उठला. तो तेच म्हणाला, आणखी एक वर्ष द्या, एका उन्हाळ्याचं लिहिलेलं कोणी मानणार नाही. शेठचा चेहरा उतरला होता. ते खोटं बोलणारे नव्हते. "डॉक्टर, तुम्हाला मी चुकीचं म्हणत नाही. पण कापूस पेरला की त्याच हंगामात दिसतो. दिवाळीपासून मी चार लोकांना सांगत फिरलो. आता या पोरीचा पाय पाहिल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?" मग ते गावाकडे वळले. "तुम्हीच सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

एक म्हातारा म्हणाला, "शेठ, बारवन्या पायऱ्या घसरी ग्यात. लंगडा मानूस उतरस ते पडस. चांगल्या दगडन्या करी द्या. पाय बुडाडीसन बसाले एक वटा करा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर जवळजवळ ओरडला, "बांधायचंच तर भिंत बांधा! पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा. पाण्यात पाय जाताच कामा नये."

"मन्हा पणजानी पुन्यसाठे बांधेल शे ती बारव," पाटील म्हणाला. "ती बुजाडी टाकू?"

पुण्याचं नाव निघालं आणि शेठनं पायऱ्यांना होकार दिला.

डॉक्टर दोन दिवसांनी गेला. दुर्बीण कापसात गुंडाळून त्यानं बैलगाडीत मांडीवर घेतली होती. आमच्या दाराशी गाडी थांबवून यांना म्हणाला, "घरात सांगा, गाळणं सोडू नका." मी आत उभी होते.

उन्हाळ्यात पाणी खोल जातं, तेव्हाच पायऱ्यांचं काम होतं, म्हणून शेठनं लगेच गवंडी लावले. मृग लागायच्या आत काम झालं. घडीव दगडाच्या रुंद पायऱ्या, पाण्यालगत लांब ओटा. शेठ आले, नारळ फोडला. लेकीचा नारू अजून पुरता निघाला नव्हता. गर्दीत त्यांनी तिला ओळखलं. स्वतः पुढे येऊन तिचा दंड धरला आणि एकेक पायरी तिला खाली नेलं.

"तुझ्यासाठीच केलं बेटा. हळू. बस इथे."

त्यांनी तिला ओट्यावर बसवलं. तिनं पाय पाण्यात सोडला आणि डोळे मिटले, इतकं तिला बरं वाटलं. शेठनं उपरण्यानं डोळे पुसले. माणसं म्हणत होती, असा देवमाणूस होणे नाही. मला तिला उचलून आणायचं होतं, पण शेठच्या हातातून आणायचं कसं?

तिच्या पायाचं पुढे तेच झालं. टाच टेकली नाही ती नाहीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकही नारू निघाला नाही. बघायला डॉक्टर नव्हता आणि शेठचा पैसा तोवर शहाद्याच्या धर्मशाळेला लागला होता. बाकीच्या घरांत कापडाच्या कधीच झोळ्या-चोळ्या झाल्या होत्या. शेजारणीच्या धाकट्याला दोन्ही पायांना फोड आले. ती त्याला घेऊन ओट्यावर बसली होती, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "आमच्याकडे औंदा कोणाला नाही. गाळत जा गं."

तिनं वर पायरीवर बसलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं. "तुन्हा घर आते व्हवानं काय बाकी ऱ्हायनं व माय?"

ती टोमणा मारत नव्हती. आमच्या घराच्या वाट्याचं होऊन गेलं, असं तिला खरंच वाटत होतं. गावात दुसरं पाणी नव्हतं. पोराचे पाय जिथे होते तिथून जरा पलीकडे मी घागर बुडवली.