गाळलेली बिअर

नवऱ्यानं घरी लावलेली शेवटची बिअर तो गेल्यावरही बरणीत तशीच होती. आज दीर आले, म्हणून मी ती मलमलीच्या चौपदरी फडक्यातून गाळायला घेतली.

"वहिनी, दादा कधी गाळू द्यायचा नाही," ते हळूच म्हणाले.

खरंच. "गढूळ दिसतं ना, ते यीस्ट. जिवंत असतं ते," म्हणत तो माझ्या हातातून फडकं काढून घ्यायचा. मला मात्र सगळं नितळ लागतं.

दोनदा गाळल्यावर बिअर नितळ झाली. ग्लासातून पलीकडची त्याची रिकामी खुर्ची लख्ख दिसली. इतकं लख्ख मला नको होतं.

फडकं धुवायला नळाखाली धरलं, तर गाळातून एक बुडबुडा सावकाश वर आला. नळ सोडायला माझा हात धजेना.